आधी विचारा, ज्वारी हुरड्यात आली का

दोन वर्षांपूर्वी आम्ही छत्रपती संभाजीनगरजवळच्या एका हुरडा केंद्रावर गेलो होतो. कमानीला कडब्याच्या पेंढ्या बांधलेल्या, आत रंगवलेली बैलगाडी, शेणानं सारवलेल्या दोन झोपड्या, आल्या आल्या पुरुषांना फेटे. मुलं खूश झाली. हुरडा मात्र स्टीलच्या वाटीत आला, वरून कोमट आणि आत गार. आत्यांनी चार दाणे तोंडात टाकले आणि वाटी खाली ठेवली. "आजचा न्हाई हा," एवढंच म्हणाल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या लातूरकडे सुना सासूला आत्या म्हणतात. वाढणाऱ्या मुलाला विचारलं तर त्यानं सरळ सांगितलं की दाणा आधीच काढून फ्रीजरमध्ये ठेवलेला असतो, गिऱ्हाईक आलं की कढईत परतून द्यायचा. त्या पोराचा काही दोष नव्हता. पण परतीच्या वाटेवर आत्या गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ते मला लागून राहिलं.

आत्यांचं माहेर औसा तालुक्यातलं, सासरही त्याच पट्ट्यातलं. पंच्याहत्तरीला टेकल्यात. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरच्या काळ्या रानात रब्बीला ज्वारीच असायची. आता ते रान बटईनं दिलंय. खरिपात सोयाबीन, त्यावर हरभरा. बटईदाराला बोल लावण्यात अर्थ नाही. ज्वारी म्हटलं की पाखरं राखायला माणूस हवा, काढणीला मजूर हवेत, कणसं मोडायला परत मजूर हवेत. दावणीला बैल होते तोवर कडब्यासाठी तरी ज्वारी पेरावीच लागायची. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तीही गरज संपली. सोयाबीन मशीननं निघतं आणि लातूरच्या बाजारात नेलं की पैसा हातात पडतो. हे सगळं मला कळतं, आत्यांना तर माझ्याहून जास्त कळतं. तरी स्वतःच्या रानातला हुरडा खाऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती.

म्हणून यंदा ठरवलं की जायचं तर नीट चौकशी करून जायचं. काय विचारायचं ते आत्यांकडूनच शिकून घेतलं. ज्वारी आधी पोटरीत येते, म्हणजे कणीस पानाच्या आवरणात असतं, मग निसवते, म्हणजे ते बाहेर पडतं, फुलोऱ्यात येते, मग दाणा चिकात येतो. चिकातला दाणा नखानं दाबला की दुधासारखा पांढरा चिक उडतो. तो भाजला तर नुसतं पाणी आटतं आणि हातात टरफल राहतं. चिक घट्ट होत होत लोण्यासारखा झाला, नख रुतलं पण काही उडालं नाही, की ज्वारी हुरड्यात आली. त्या वेळी दाण्यात साखर असते आणि पुढे त्या साखरेचं पीठ होत जातं. आठ-दहा दिवस गेले की नख रुतत नाही, दाणा कडक लागतो. निबर झाला म्हणतात. म्हणजे एका तुकड्यातला हुरडा आठवडाभराचा, फार तर दहा दिवसांचा. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत लोकांना ताजा हुरडा खाऊ घालायचा असेल, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्वारी एकदम न पेरता आठ-आठ दिवसांनी तुकड्या-तुकड्यानं पेरावी लागते. जो शेतकरी तसं पेरतो त्याच्याकडे जायचं. एवढंच शोधायचं होतं.

पाच ठिकाणी फोन केले. सगळ्यांना तेच चार प्रश्न. ज्वारी तुमच्याच रानात आहे का? वाण कोणतं? आगटीवर, म्हणजे गोवऱ्यांच्या खड्ड्यात भाजता की कढईत? आणि आम्ही येऊ त्या रविवारी कोणता तुकडा हुरड्यात असेल? दोघांनी शेवटच्या प्रश्नावर "ताई, हुरडा मार्चपर्यंत कधीही मिळेल" असं सांगितलं, तिथंच मी फोन ठेवला. एकानं रेन डान्स आणि दोरीवरून घसरायच्या खेळाची माहिती दिली, ज्वारीचं नाव काढलं नाही. चौथ्याकडे आगटी होती, पण कणसं बाहेरून विकत आणायचे. पाचवे खुलताबादच्या पलीकडचे. ते म्हणाले, "ताई, या रविवारी नका येऊ. पहिला तुकडा निबर झाला, दुसरा अजून चिकात आहे. पुढच्या रविवारी या, बरोबर सापडेल." आलेलं गिऱ्हाईक आठ दिवस पुढे ढकलणारा माणूस! मी तेव्हाच पैसे पाठवले. मोठ्यांना माणशी 650 रुपये, दहा वर्षांखालच्या मुलांना निम्मे. त्यात सकाळचा हुरडा, दुपारचं जेवण आणि जाताना उसाचा रस.

रविवारी सकाळी सातला निघालो. आम्ही चौघं, आत्या, दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं आणि नणंद, असे दहा जण दोन गाड्यांत. दौलताबादच्या किल्ल्याजवळ रस्ता जुन्या वेशीतून जातो. एका वेळी एकच मोठी गाडी निघते आणि रविवारी वेरूळला जाणाऱ्यांची तिथं रांग लागते. आम्ही लवकर निघूनही वीस मिनिटं अडकलो. रस्त्याकडेला पेरूच्या पाट्या होत्या, ते घेतले.

त्या शेतावरही कमान होती आणि फेटेही होते. चावडीसारखा एक पार, त्यावर जुना रेडिओ, जातं, उखळ, बैलगाडीची चक्कर, झोके. मुलं झोक्यांकडे पळाली. खांबाला भोंगा बांधून मोठ्यानं गाणी लावली होती. दिरांनी जाऊन विनंती केली, तेव्हा एका मिनिटात बंद केली. खेड्याचा देखावा उभा करण्याचं मला वाईट वाटत नाही. शहरातल्या लेकराला जातं पाहायला मिळतं, ओढून बघायला मिळतं. माझ्या मुलीनं तिथं मूठभर ज्वारी दळली आणि ते पीठ रुमालात बांधून घरी आणलं. देखाव्याच्या मागं खरं रान आहे की नाही, हे तपासावं.

इथं होतं. शेतकरीदादांनी आधी खायला बसवलं नाही, आधी रानात नेलं. बांधावरून चालताना ते तुकडे दाखवत होते: हा निबर झालेला, आता हा धान्यासाठी ठेवायचा, हा आजचा, हा पुढच्या आठवड्याचा. त्यांच्याकडे दोन वाणं होती. एक सुरती, घरचं राखलेलं जुनं बियाणं. दुसरं परभणी वसंत, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठी काढलेलं. भाकरीची मालदांडी हुरड्याला का नाही वापरत, असं माझ्या नवऱ्यानं विचारलं. दादा म्हणाले, खातात की, पण दाणा बोंडातून लवकर सुटत नाही, चोळणाऱ्याचे हात सोलून निघतात. हुरड्याच्या वाणाचं कणीस मोकळं असतं, दाणा गोड असतो आणि चोळला की सुटतो. आमच्याकडे गूळभेंडी असायची, असं आत्या म्हणाल्या. दादांना ते नाव माहीत होतं. मग दोघं बराच वेळ वाणांचंच बोलत राहिले: गूळभेंडी, कुचकुची, काळी दगडी. आम्ही मागं उभे होतो. आत्यांनी एक कणीस वाकवलं, मधला दाणा काढून नखानं दाबला, पाहिला आणि मान हलवली.

रानाच्या मधोमध मचाण होतं. त्यावर एक पोरगा गोफण घेऊन बसलेला. पाखरं कोवळ्या दाण्यावरच येतात, त्यामुळे पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत कुणीतरी तिथं लागतंच. मुलांना गोफण फिरवून पाहायची होती. दादांनी दगड न घालता नुसती फिरवू दिली.

आता आगटी. प्रत्येक कुटुंबाला एक आगटी, तिच्याभोवती सतरंज्या. जमिनीत हातभर लांब-रुंद आणि वीतभर खोल खड्डा, त्यात गोवऱ्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या पेटवून तास होऊन गेला होता आणि ज्वाळ कुठंच नव्हती. वर राखेचा पांढरा थर, खाली लाल इंगळ. भाजायला गावातले एक मामा होते, साठीचे. ते म्हणाले, ज्वाळेवर कणीस धरलं की बाहेरून जळतं आणि आत कच्चंच राहतं. गोवरीच्या फुफाट्यात खुपसलं की दाणा आपल्याच ओलाव्यात शिजतो. लाकडाची आग का नको, तर तिची आच एकसारखी राहत नाही. गोवरी मंद जळते, तासन् तास. मामा देठाला धरून सात-आठ कणसं फुफाट्यात खुपसायचे, वरून गरम राख ओढायचे, मधूनच फिरवायचे. दाणे तडतडायला लागले की कणीस तयार. जेमतेम चार-पाच मिनिटं.

कणीस बाहेर काढून ते एकदा गोवरीवर आपटायचे, राख झडायची. मग दोन्ही तळव्यांत धरून सुपावर चोळायचे. इतकं गरम कणीस मी बोटांत दोन क्षणही धरू शकले नाही. मामांचे तळवे काळे आणि जाड झाले होते. सुपात हिरवेगार दाणे पडायचे, त्यात कोंडा. मामा सूप हलकंच झटकून फुंकर घालायचे, कोंडा उडून जायचा आणि ते सूप तसंच आमच्या मध्ये ठेवायचे. ताट नाही, वाटी नाही. दहा हात एका सुपात.

पहिल्या सुपाची चव अजून जिभेवर आहे. बाहेरून धुराचा वास, दाताखाली मऊ आणि थोडा चिवट, मग गोडवा. गरम आहे तोवरच ही चव. पाच मिनिटं तसाच ठेवला तर दाणा आकसतो आणि चामट होतो, म्हणून हुरडा गप्पा मारत सावकाश खाता येत नाही. सूप आलं की सगळ्यांनी मुठी भरायच्या, संपलं की दुसऱ्या घाण्याची वाट बघायची. गप्पा त्या मधल्या वेळात. मोबाइल कुणी हातात घेतला नाही, कारण सगळ्यांचे हात राखेनं माखलेले होते. जाऊबाई आणि नणंद गेली काही वर्षं सणाला समोरासमोर आल्या तरी कामापुरत्या बोलायच्या. त्या दोघी एका बाजूला बसल्या होत्या आणि कणीस आधी कुणी चोळायचं यावरून हसत होत्या. मी ते बघत राहिले.

सोबतीला केळीच्या पानावर चटण्या: शेंगदाण्याची, तिळाची, कारळाची, जवसाची, आणि लसणाची लाल. गूळ, गोडीशेव, रेवड्या, बोरं. मडक्यातलं घट्ट दही. कोणती चटणी हुरड्याबरोबर सगळ्यात चांगली, तर माझ्या मते जवसाची, आणि तीही थोडीच. हुरड्याला स्वतःची गोडी असते, तिखट जास्त झालं की ती मरते. शेव तर मला नकोच वाटते, पण मुलांनी सगळ्यात आधी तीच संपवली. मधल्या एका घाण्यात मामांनी हरभऱ्याचे डहाळे टाकले. घाटे काळे पडेपर्यंत भाजून काढलेला हुळा सोलून खाताना ओठ काळे होतात. त्याच फुफाट्याच्या कडेला वांगी, कांदे आणि रताळी पुरून ठेवली होती.

तिसऱ्या घाण्याला आत्या उठल्या आणि मामांच्या शेजारी जाऊन बसल्या. "सरका थोडं, मी चोळते." मामांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि कणीस पुढं केलं. मला भीती वाटली, हात भाजतील म्हणून. आत्यांनी पदराचं टोक देठाला गुंडाळलं, दुसऱ्या हातानं कणीस सुपावर हळूच फिरवलं, मग वाफ जरा गेल्यावर दोन्ही तळव्यांत घेतलं. सगळं अंगवळणी पडलेलं. माझी मुलगी जवळ जाऊन बसली तर तिला म्हणाल्या, "नुसतं काय बघायलीस? हात पुढं कर. दाबायचं न्हाई, फिरवायचं." तिच्या बोटाला चटका बसला, डोळ्यांत पाणी आलं, पण उठली नाही. शेवटी तिच्या हातून अर्धी मूठ हुरडा सुटला. तो तिनं आधी आजीला दिला.

तेवढ्यात वारा फिरला आणि धूर आमच्या अंगावर यायला लागला. आम्ही सगळे सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला सरकलो, आत्या जागच्या हलल्या नाहीत. डोळे पुसत त्या येळवशीचं सांगत होत्या. आमच्याकडे लातूर-धाराशिवला वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी अख्खं गाव रानात जातं आणि शहरात दुकानं बंद असतात. कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांना भज्जीचा, उंड्यांचा, आंबिलीचा नैवेद्य. आत्या नवी नवरी असताना आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेऊन तीन कोस चालल्या होत्या आणि एक थेंब सांडला नव्हता, हे त्यांनी मुलांना दोनदा सांगितलं. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवायचे. हुरड्याचंही तसंच. ज्याच्या रानात ज्वारी हुरड्यात आली, त्यानं सोयऱ्याधायऱ्यांना निरोप धाडायचा.

मग त्यांनी हळूच मला विचारलं, "किती घेतात गं माणशी?" मी आकडा सांगितला. त्या गप्प झाल्या. हुरड्याला पैसे मोजायचे, हे त्यांच्या पिढीला जड जातं, आणि मला ते समजतं. पण मला हे पैसे देताना जराही चुकल्यासारखं वाटलं नाही. मचाणावरचा पोरगा, भाजणारे मामा, भाकरी थापणाऱ्या चार बायका, सगळे त्याच गावातले. 2020 मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, त्यानंतर दादांनी केंद्राची नोंदणी केली. ते सांगत होते की नुसत्या धान्यावर ज्वारी परवडली नसती, त्यांनीही ती मोडली असती. माणसं हुरडा खायला येतात म्हणून ते रान अजून ज्वारीचं आहे. आत्यांना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पटलं असं म्हणाल्या नाहीत.

पाणी पिऊ नका, असं मामा सगळ्यांना बजावत होते. हुरड्यावर पाणी प्यायलं की पोट फुगतं, असं जुनी माणसं सांगत आलीत. त्यामुळे ओवा आणि सैंधव घातलेलं ताक फिरत होतं. माझ्या पुतण्यानं ऐकलं नाही, पोटभर हुरड्यावर बाटलीभर पाणी प्यायला आणि दुपारी झाडाखाली आडवा पडून होता. हुरडा जड असतो. जेवणही ठेवायचं असेल तर चार घाण्यांनंतर थांबावं.

जेवण दीडला. आगटीतली वांगी सोलून तिथंच भरीत केलं होतं, ज्वारीच्या भाकरी, पिठलं, ठेचा, धपाटे. चांगलं होतं, पण आम्ही कुणीच नीट जेवू शकलो नाही. नंतर एक वासुदेव आला, मोरपिसांची टोपी, हातात टाळ आणि चिपळ्या. पाहुण्यांसाठी बोलावलेला होता, तरी आत्यांनी त्याला पारावर बसवून आधी ताक दिलं आणि मग सुपात ज्वारी घालून दान दिलं.

निघताना आगटीजवळ चोळलेला दीड-दोन किलो हुरडा उरला होता. दादांनी तो वजन न करता आत्यांच्या पिशवीत घातला. घरी आल्यावर आत्यांनी तो गच्चीवर पांढऱ्या धोतरावर पसरून तीन दिवस खडखडीत वाळवला आणि डब्यात भरला. त्यातला थोडा भरडून कांदा, कोथिंबीर घालून थालीपिठं केली. सकाळी तव्यावर पहिलं थालीपीठ पडलं तेव्हा घरभर त्या आगटीचा वास आला.

मार्चमध्ये दादांकडून एक पुडकं आलं. काढणी झाल्यावर सुरतीचं अर्धा किलो बियाणं पाठवायचं, असं आत्यांनी निघताना त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. आत्यांनी ते राखेत घोळवून, कडुनिंबाचा पाला घालून फडक्यात बांधलं आणि देवघराच्या खुंटीला टांगलं. गावाकडे बटईदाराशी बोलणं झालंय. हरभऱ्याच्या कडेनं विहिरीजवळ ज्वारीचे चार तास, म्हणजे चार ओळी टाकायला तो तयार आहे. मात्र त्याचं म्हणणं असं की आजूबाजूला कुठंच ज्वारी नाही, त्यामुळे शिवारातली सगळी पाखरं त्या चार तासांवरच उतरतील, राखायला कोण बसणार ते तुम्ही ठरवा. आत्या म्हणाल्या, डिसेंबरात मीच जाऊन राहते. माझ्या मुलीला नाताळची सुट्टी असते. तिनं गोफणीसाठी सुतळी मागितली आहे.